नदीचा उतार

मेस्त्रीने मागच्या चाकातली निम्मी हवा सोडली, दोन्ही हातांनी चाकामागची वाळू उपसली आणि पुन्हा किक मारली. चाक जागच्या जागी गरगरलं आणि आणखी चार बोटं खाली गेलं.

नदीच्या पात्रात पाण्याचा थेंब नव्हता. आकाश निरभ्र, समोर पैलतीरावर चढणारी वाट. पंचवीस वर्षं त्याने लोकांच्या गाड्या दुरुस्त केल्या होत्या. ही मोटारसायकल मात्र भंगारातून एकेक भाग जमवत स्वतःसाठी उभी केलेली. निघताना बायको म्हणाली होती, "या एकदाचे त्या वाळवंटात भटकून. माझं डोकं खाणं तरी थांबेल." आज चौथा दिवस. चार दिवसांत कुणाशी धड दोन शब्द झाले नव्हते, आणि त्याचं त्याला काही वाटलंही नव्हतं.

"अहो दादा! गाडी सोडा आणि वर या!"

मागच्या काठावरून एक म्हातारी हातातलं फडकं हलवत ओरडत होती.

"काय झालं, मावशी?"

"नदी येतेय!"

त्याने वर पाहिलं. हसूच आलं त्याला. "कुठून येतेय? ढगाचा पत्ता नाही!"

"काल डोंगरावर कोसळलाय. या म्हणते ना!"

"आलोच," म्हणत त्याने पुन्हा चाकाखाली हात घातले. मान वर केली तेव्हा म्हातारी अनवाणी त्याच्याशेजारी येऊन उभी होती. तिला धाप लागली होती. तिने त्याचं मनगट धरलं.

"हात सोडा, मावशी. दोन मिनिटांचं काम आहे."

"नाही सोडत. वाहायचं तर दोघं वाहू."

तो काही बोलणार, तेवढ्यात दूरवर घरघर ऐकू आली. चढावर ट्रक यावा तशी. मेस्त्रीने कान दिला आणि त्याचा चेहरा उतरला. असं कुठलंच इंजिन त्याने आयुष्यात ऐकलं नव्हतं.

दोघं पळत सुटले.

आधी फेस आणि काटक्या ढकलत मातकट पाण्याची जीभ आली. तिच्यामागून कमरेइतकं पाणी. गाडी क्षणभर उभी राहिली, मग हँडल सावकाश वळलं, आणि ती आडवी होऊन दिसेनाशी झाली. मेस्त्री काठावर उभा राहून कोरडेच हात पँटला पुसत राहिला.

म्हातारीने त्याच्यापुढे पाण्याची बाटली धरली. तो घटाघट प्यायला. बाटली परत देत त्याने मागच्या वाटेकडे पाहिलं.

"गाव तर तीन मैल मागे राहिलं. तुम्ही इथे काय करत होता?"

"बसले होते."

"कशाला?"

"डोंगरावर ढग दिसले की येऊन बसते." तिने फडकं झटकून डोक्याला बांधलं. "आमच्या माणसाचा नवाकोरा ट्रॅक्टर होता. सोडून ये म्हटलं, तर म्हणाला, दोन मिनिटांचं काम आहे."

मेस्त्रीने मान खाली घातली.

"लोक ऐकतात का तुमचं?"

"हसतात आणि जातात पुढे. बाईचं कोण ऐकतं? आणि पहिलं पाणी ओसरलं की जास्तच फसतात. दुसरा लोंढा मागून येतो, तो मोठा असतो."

दुपार कलताना पाणी गुडघ्यापर्यंत उतरलं. म्हातारी गुडघ्यांत मान घालून पेंगत होती. धूळ उडवत एक व्हॅन आली. चालकाने काच खाली करून पाण्याचा अंदाज घेतला आणि गिअर टाकला. म्हातारी दचकून जागी झाली आणि हात टेकून उठू लागली.

"बसा तुम्ही," मेस्त्री म्हणाला आणि धावत जाऊन व्हॅनपुढे आडवा उभा राहिला.

"थांबा. दुसरं पाणी यायचंय."

"गुडघाभर तर आहे! बाजूला व्हा."

"नाही होत."

चालकाने त्याला आपादमस्तक न्याहाळलं. "तुम्ही इथलेच का?"

मेस्त्रीने मागे वळून पाहिलं. म्हातारी त्याच्याकडेच बघत होती.

"हो," तो म्हणाला.