यंदाचा शत्रू

"यंदा माज्या बदली माजी बायको मरंल, सायेब," वाळूने एकदाचं सांगून टाकलं.

कॅप्टन घारपुरे तंबूपुढे खुर्चीत बसून सिद्धगडाचा नकाशा सुलटा करत होते. त्यांनी तो मांडीवर ठेवला आणि आधी चष्मा पुसला. ऐकू आलेलं चुकीचं वाटलं की ते चष्माच पुसत.

शहापूरजवळ, सापगावच्या वाटेवरच्या माळावर त्यांची लष्करी शिस्तीची शाळा होती. मुंबई-पुण्याची मुलं तिथे राहून शिकत. म्हणजे पहाटे उठत, रांगेत दात घासत आणि रांगेतच घरची आठवण काढत. दर मे महिन्यात ही पलटण मुरबाडकडे, सिद्धगडाच्या पायथ्याशी उन्हाळी शिबिराला येई. पंधरा दिवस तंबू, कवायत आणि पिठलं, आणि शेवटच्या दिवशी लढाई. लढाईला शत्रू लागतो. मुलं ज्यांनी पाठवली होती त्यांनी ती जिंकायला पाठवली होती, त्यामुळे त्यांच्यातून शत्रू निवडणं अवघड जाई. म्हणून तेहतीस सालापासून शत्रूचं काम पायथ्याच्या वाडीतल्या वाळूकडे होतं.

काम सोपं होतं. डोक्याला लाल फडकं बांधून रानात लपायचं, चहाच्या आत सापडायचं, लाकडी बंदूक रोखून कोणी तोंडाने 'ठो' केलं की पडायचं आणि शिट्टी होईपर्यंत मेलेलं राहायचं. यातलं लपणं वाळूला जमे, सापडणं जमत नसे. मुलं त्याच्या हातावर पाय देऊन पुढे निघून जात. दुसऱ्याच वर्षी तो करवंदीच्या जाळीत वाट पाहून पाहून झोपी गेला, आणि लढाई दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत लांबली. पलटणीचं पीठ संपलं, आणि सेना वाडीत दारोदार भाकरी मागत फिरली. तेव्हापासून उन्हं कलली की वाळू स्वतःच खोकत असे.

मरणं मात्र त्याला मनापासून आवडे. भातशेती करणाऱ्याला दिवसाउजेडी उताणं पडायला मिळतं कधी? पाठीखाली तापलेलं गवत, वर एखादी घार, आणि लांब कुठेतरी आपल्यावर मिळवलेल्या विजयाच्या आरोळ्या. आपल्यावाचून जगाचं काही अडत नाही हे कळलं की लोकांना वाईट वाटतं. वाळूला दरसाल अर्धा तास फार बरं वाटे.

असं आठ वर्षं तो मरत आला होता, आणि आठ वर्षांत त्याला साधी शिंक आली नव्हती. ही गोष्ट बाईजाच्या, म्हणजे त्याच्या बायकोच्या, लक्षात आली होती.

बाईजा दिवाळीपासून खोकत होती. ताप संध्याकाळी येई आणि पाहुण्यासारखा रात्रभर राही. धसईच्या वैद्याने पुड्या दिल्या, मग पुड्या द्यायचं थांबवलं, आणि पाऊस संपेपर्यंत टिकेल की नाही सांगता येत नाही, असं वाळूला बाजूला घेऊन सांगितलं. त्यात माघात ती अंगणात उन्हाला बसली असताना तिच्या डोक्याला कावळा शिवला. कावळा शिवला की काय करायचं हे सगळ्यांना ठाऊक असतं. माणूस गेल्याचा खोटा निरोप सोयऱ्यांना धाडायचा. त्यांनी तो खरा मानून रडायचं. रडणं खरं झालं की मरण आपला वाटा मिळाला असं समजून परत जातं.

पण निरोप धाडायचा कोणाकडे? बाईजाचं सासर खालच्या आळीत, माहेर वरच्या आळीत. सगळे सोयरे हाकेच्या अंतरावर, आणि तिचा खोकला हाकेच्याही पुढे ऐकू जाई. खोकणारी बाई मेली यावर कोण विश्वास ठेवणार? म्हणून कावळ्याचं तिने वाळूशिवाय कोणाला सांगितलं नाही, आणि मे महिन्याची वाट पाहत बसली.

"तुमी दरसाल मरता नि ठणठणीत घरी येता," ती त्याला म्हणाली होती. "एक वरीस मला द्या."

कॅप्टनसाहेबांनी हे सगळं ऐकून घेतलं. माणूस वाईट नव्हता. मागच्या महायुद्धात ते बसऱ्याला खेचरांच्या तांड्यावर होते आणि तिथून सहनशीलता शिकून आले होते. त्यांनी वाळूला शांतपणे समजावलं की ही अंधश्रद्धा आहे, शिवाय युद्धात स्त्रियांवर गोळी झाडत नाहीत.

"गोळी कुटं हाय, सायेब? बंदूक लाकडाची."

"प्रश्न बंदुकीचा नाही, वाळू. नियमाचा आहे."

वाळूने फडकं हातात घेतलं, त्याची घडी केली आणि घडीकडे बघत म्हणाला, "मंग यंदा मी सापडत नाय."

लढाई पाहायला कल्याणहून शाळेचे दोन आश्रयदाते यायचे होते. शिबिरात पीठ दोन दिवसांचं उरलं होतं. कॅप्टनसाहेबांनी तंबूतून युद्धशास्त्राचं जाडजूड पुस्तक आणलं आणि बराच वेळ पानं चाळली. शेवटी शत्रूचा हेर स्त्रीही असू शकतो, असं एक कलम त्यांना सापडलं, आणि बाईजाची हेर म्हणून रीतसर नेमणूक झाली.

लढाईच्या दिवशी वाळू तिला पाठीवर घेऊन चढला. पेंढ्याच्या भाऱ्याएवढंही वजन नव्हतं. गडाच्या खालच्या माचीवर एका ऐनाच्या झाडाच्या सावलीत त्याने तिला बसवलं, डोक्याला फडकं बांधलं आणि चार करवंदं हातावर ठेवली. करवंदं तिने खाल्ली नाहीत, नुसती मुठीत धरली. खालून पोरांच्या आरोळ्या येत होत्या, त्या झाडीतून येईपर्यंत मऊ होत. कुठेतरी होला घुमत होता.

"मरताना काय करायचं असतं?" तिने विचारलं.

"काय नाय. आंग ढिलं सोडायचं."

"इतकंच?"

"इतकंच गो."

यंदा खोकण्याची आठवण करावी लागली नाही. आवाजाच्या रोखाने पाच-सहा पोरं धावत आली आणि समोर बाई पाहून थबकली. त्यांच्या म्होरक्याने, पुण्याच्या एका जाड भिंगाच्या चष्म्याच्या मुलाने, बंदूक रोखली. पण तोंडातून 'ठो' निघेना. अखेर त्याने बंदूक जरा बाजूला केली आणि म्हणाला, "मावशी, तुम्ही मेलात."

"बरं बाबा," बाईजा म्हणाली आणि आडवी झाली.

आभाळ पांढुरकं होतं, एकीकडे जरासं निळं. ती डोळे उघडे ठेवूनच मेली होती. वाळू जवळ बसला. किती वेळ गेला कोण जाणे. खालचा गाव, चूल, ताप, सगळं डोंगराच्या मुळाशी राहिलं होतं आणि वर हे एवढं रिकामं पडलेलं होतं. "तुमी आठ वर्सं ह्ये एकटेच बगत व्हता," ती म्हणाली. तक्रार अशी नव्हती, पण वाळूला ते लागलं.

शिट्टी झाली तरी तिला उठवेना. तेव्हा पोरांना आठवलं की आपल्याकडे स्ट्रेचर आहे. जखमींना वाहून नेण्याची कवायत ती तीन वर्षं करत होती, पण वाळूला गुदगुल्या होत असल्यामुळे खरं माणूस त्यांना एकदाही मिळालं नव्हतं. चौघांनी तिला अलगद उचललं. पायवाट अरुंद, दोन्ही बाजूंना काटे, म्हणून स्ट्रेचर खांद्यावर घेतलं. ओझं खांद्यावर असताना बोलायचं नाही, असा नियम होता. ते न बोलता, पावलाला पाऊल मिळवून उतरू लागले. वाळू मागून चालत होता. वाडीत शिरल्यावर द्यायचा खोटा निरोप त्याने रात्रीच घोकून ठेवला होता. गेली. एवढाच शब्द होता.

वेशीपाशी वाडीतली भागी जळण घेऊन येत होती. तिने चार खांदे पाहिले, वरचं आडवं माणूस पाहिलं, आणि मोळी टाकली.

"कवा रे, वाळू?" तिने विचारलं.

वाळू होता तिथे रस्त्यात खाली बसला, आणि मग त्याला हुंदका आला. हा ठरलेला नव्हता. वैद्याचं बोलणं इतके महिने तो एकट्याने पोटात घेऊन हिंडत होता, ते सगळं बाहेर पडलं.

मग वाडी उठली. वरच्या आळीतून बाईजाचा भाऊ धावत आला, म्हाताऱ्या आल्या, आणि सगळ्यांच्या पुढे केस सुटलेली लहानी आली, वाळूच्या भावाची बायको. फणसाच्या एका झाडावरून दोघी जावा सहा वर्षं एकमेकींशी बोलल्या नव्हत्या. लहानीने स्ट्रेचरच्या दांडीवर कपाळ आपटलं. सहा वर्षांचं बोलणं ती एका दमात बोलू लागली. फणस तुजाच व्हता गो बाय, ती म्हणत होती, तुजाच व्हता, मी मेली खोटारडी.

बाईजा निपचित पडून होती. खोकला तिने कुठे दडवून ठेवला होता, देव जाणे. नीट पाहिलं असतं तर पापण्यांच्या कडा ओल्या दिसल्या असत्या, पण कोणीच नीट पाहत नव्हतं.

रीतीप्रमाणे आता फार ताणायचं नसतं. वाळू उठला, डोळे पुसले, गर्दीतून वाट काढत पुढे झाला. खरं सांगण्याआधी तिला विचारावं, म्हणून टाचा उंचावून त्याने तिच्या तोंडाजवळ तोंड नेलं.

डोळे न उघडता, ओठही फारसे न हलवता, ती म्हणाली, "थांबा. लहानीचं व्हायचंय अजून."

वाळू मागे सरला आणि हात जोडून उभा राहिला. पोरांचे खांदे भरून आले होते, माना घामाने निथळत होत्या. पण खांदा बदलायचा हुकूम कोणी दिला नव्हता, म्हणून ती चौघं समोर बघत तशीच ताठ उभी राहिली.