नऊशे-वीस मापाचा टायर

मी एक जुना टायर आहे. मोटारीचा नव्हे, ट्रकचा. माझ्या अंगावर '९.००-२०' असे माप कोरलेले होते. बाजारात आम्हांला 'नऊशे-वीस' म्हणतात. आता ते आकडे झिजले आहेत, बोटाने चाचपले तरच लागतात.

मित्रांनो, तापलेल्या साच्यातून मी बाहेर पडलो तेव्हा माझ्या अंगावर रबराची बारीक लव होती. १९९६ साली मी पुण्याच्या मार्केट यार्डात आलो आणि तिथले व्यापारी हिंदुराव यांच्या ट्रकला, मागच्या डाव्या जोडीत बाहेरच्या बाजूला बसलो. जाताना बटाटे, येताना गुळाच्या ढेपा. सातारा, कराड, कोल्हापूर. पहिल्याच आठवड्यात ती लव झिजली आणि मी रस्त्याचा झालो.

ट्रक चालवायचे नियाजभाई. राहायचे कसबा पेठेत, बोलायचे मोजके. निघण्यापूर्वी ते लाकडी दांडक्याने एकेका टायरवर ठोका मारत आणि कान देऊन आवाज ऐकत. खणखणीत आवाज आला की हवा बरोबर. त्या ठोक्याशिवाय माझा दिवस सुरू होत नसे.

ट्रकचा डिझेलचा काटा कधीच बंद पडला होता. नियाजभाईंचे त्यावाचून अडत नसे. किलोमीटरचा आकडा बघून टाकीत किती उरले हे ते अचूक सांगत. लिटरला साडेचार किलोमीटर, घाट असला तर थोडे कमी. तीन वर्षांत आमची गाडी वाटेत एकदाही कोरडी पडली नाही.

मग १९९९ चा दसरा आला. शेजारच्या गाळ्यासमोर एक ट्रक उभा राहिला, रुंद, उंच टायरांचा. येणारा-जाणारा थांबून त्याच्याकडे बघे. हिंदुरावांच्या ते मनात भरले.

"नियाज, आपल्यालाही 'हजार-वीस' टाकायचे," ते म्हणाले. "गाडी कशी रुबाबात उभी राहिली पाहिजे!"

नियाजभाई म्हणाले, "मालक, रुबाब उभ्या गाडीचा. चालत्या गाडीला चढ असतो. मोठा टायर जड, फिरवायला इंजिनाला जोर जास्त. आपले रस्ते घाटाचे. डिझेल पिईल."

"पिईल थोडं. आपण काय उपाशी ठेवतोय तिला?" हिंदुराव हसले आणि विषय संपला.

सहाही टायर उतरवले. माझे पाच भाऊ विकले गेले. मला स्टेपनी म्हणून गाडीच्या पोटाखाली साखळीने बांधले. खरे तर मोठ्या मापाच्या शेजारी लहान माप चालत नाही, पण 'तात्पुरता राहू दे' म्हणून मी राहिलो. झेंडूच्या माळा घातलेली गाडी बोटभर उंच दिसत होती. देखणी होती, खोटे कशाला बोलू? हिंदुरावांनी तिच्यासमोर उभे राहून फोटो काढून घेतला. मी खालून फक्त त्यांच्या चपला बघत होतो.

नियाजभाईंची मुलगी मेहजबीन साताऱ्याला मावशीकडे राहून डिप्लोमा झाली होती. त्या वर्षी पुण्यात जिकडे तिकडे कॉम्प्युटरचे वारे होते. डेक्कनवरच्या एका संस्थेत कॉम्प्युटरच्या कोर्ससाठी तिची निवड झाली, पण डिप्लोम्याचे मूळ प्रमाणपत्र बुधवारी पाचच्या आत दाखवायचे होते. प्रमाणपत्र साताऱ्यात मावशीकडे मंगळवारी आले. बुधवारीच नियाजभाईंची साताऱ्याची फेरी होती.

"तू साताऱ्याला येऊ नकोस. कागद घेऊन मी दुपारी तीनपर्यंत यार्डात," ते तिला म्हणाले.

नव्या टायरांवरची ती पहिलीच लांबची फेरी. नेहमीपेक्षा पाच लिटर जास्त भरून ते निघाले. बटाटे उतरवले, प्रमाणपत्र घेतले, प्लास्टिकच्या पिशवीत घालून सदऱ्याच्या आत ठेवले. परतताना शिरवळला पंप दिसला. त्यांनी किलोमीटरचा आकडा पाहिला. पुरेल, उगाच वेळ नको, असे पुटपुटले आणि पुढे निघाले.

तिथेच घात झाला. मोठे चाक एका फेऱ्यात जास्त रस्ता कापते, पण मीटर फक्त फेरे मोजतो. गाडी आकड्याहून जास्त धावली होती आणि घाटात डिझेलही ढोसत आली होती. कात्रजच्या चढावर, बोगदा दोन वळणांवर असताना, इंजिन दोनदा खोकले आणि बंद पडले.

अडीच वाजले होते. नियाजभाईंनी उतरून चाकांमागे दगड लावले, वळणावर झाडाच्या फांद्या टाकल्या. गाडी तशीच सोडून जाता येईना. मागून येणारा कोणी आदळला असता. एक जीप थांबली. "पुण्यात काही निरोप द्यायचाय का?" आतल्या माणसाने विचारले. नियाजभाईंनी सदऱ्यातून पिशवी काढली, पुढे केली आणि हात मागे घेतला. मुलीचा मूळ कागद, अनोळखी माणूस. त्यांनी जीपवाल्याला फक्त डिझेल पाठवायला सांगितले.

डिझेल आले साडेचारला. तोवर पाइपांत हवा भरली होती. नियाजभाई गाडीखाली शिरून हाताने पंप मारून ती काढत होते, कोपरापर्यंत हात काळे झाले होते. मी त्यांच्या डोक्याशी लटकत होतो. मी त्या वेळी चाकात असतो तर! नुसता जवळ असून काय उपयोग?

आम्ही यार्डात पोचलो तेव्हा सहा वाजत आले होते. फाटकाशी मेहजबीन उभी होती. दुपारपासून उभी असावी. त्यांनी पिशवी काढून तिच्यापुढे धरली. तिने पिशवी घेतली, पण उघडली नाही.

"अब्बा, आधी पाणी प्या," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी संस्थेने सांगितले, जागा पुढच्याला दिली.

हिंदुरावांना कळले तसे ते गाडीपाशी आले. "अरे, मला सांगायचं ना! मोटारसायकलवर कुणालाही धाडलं असतं मी."

"सांगायचं ते दसऱ्याला सांगितलं होतं, मालक." नियाजभाई शांतपणे म्हणाले. "आणि कागद त्या जीपवाल्याला द्यायला हवा होता. ती चूक माझी."

महिनाअखेर त्यांनी किल्ली हिंदुरावांच्या हातात ठेवली आणि हिंजवडीला कंपनीची बस चालवायला लागले. हिंदुरावांनी पुन्हा नऊशे-वीस घातले, नवे कोरे. नव्या ड्रायव्हरने मला काढून गाळ्यामागे टाकले. तिथे मी दोन पावसाळे काढले. रोज पहाटे यार्डातले ट्रक सुरू होत. त्या आवाजाने माझ्या झिजलेल्या नक्षीत अजून काहीतरी हले. हमालांच्या पावलांतून मी एकच पाऊल शोधत राही.

एका सकाळी नियाजभाई खरेच आले, पेढे घेऊन. मेहजबीनने पुढच्या वर्षी दुसरीकडे प्रवेश मिळवला होता, आता नोकरीला लागली होती. हिंदुरावांनी पेढा हातात धरला, पण तोंडात घालवेना. "नियाज, तिचं एक वर्ष खाल्लं रे मी," ते म्हणाले. नियाजभाईंनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. दोघे बराच वेळ बोलत बसले, घाटांबद्दल, जुन्या ढाब्यांबद्दल. मी भिंतीपलीकडे हातभर अंतरावर होतो. हाक मारायला मला तोंड नव्हते. मग बसची वेळ झाली म्हणून ते उठले.

पुढे मला कुणीतरी धायरीच्या या मैदानात आणून अर्धे जमिनीत पुरले आणि पिवळा रंग दिला. तुम्ही माझ्यावर चढता, उड्या मारता. मारा, मला आवडते. पण मित्रांनो, मोठे झालात आणि एखाद्या गाडीचे मालक झालात, तर तिला शोभेल ते घालण्याआधी तिला झेपेल काय ते बघा. तिच्या मापाची कदर करा. आणि ती रोज चालवणारा माणूस काही सांगू लागला, तर हसून विषय संपवू नका.

संध्याकाळी तुम्ही घरी गेलात की सिंहगड रस्त्यावरून जड गाड्यांची घरघर ऐकू येते. जमिनीतला माझा अर्धा भाग तेव्हा उगीचच फिरू बघतो.