खर्जाची थाप

थाप मारणं हा खरं तर ठोक्याचा प्रांत. बँड होता तेव्हा ड्रम त्याच्याकडे होते, आणि त्याच्या थापेने शेजारपाजारच्या काचा थरथरायच्या. पण पत्त्यांच्या खेळात त्याच्याइतका कच्चा थापाड्या दिवा घेऊन शोधला तरी सापडला नसता. खोटं बोलायची वेळ आली की त्याचे कान लाल व्हायचे, आणि ते झाकतील एवढे केस आता डोक्यावर उरले नव्हते.

खेळ तसा साधा. एका खोक्यात रॉक संगीतावरचे प्रश्न छापलेले पत्ते. कुठला गिटारवाला डावखुरा, कुठल्या बँडने स्टेजवर काय फोडलं, कोणाचं कोणाशी का फाटलं. पुढे प्रश्न, मागे उत्तर. पण अख्खं तारुण्य त्याच गाण्यांवर काढलेल्या माणसांना हा नुसता प्रश्नोत्तरांचा कार्यक्रम अळणी वाटला, म्हणून वकिलाने त्यात स्वतःचा नियम घुसडला. हा वकील म्हणजे कोर्टातला नव्हे. त्याचं चष्म्यांचं दुकान होतं. पण नियम काढायचे आणि मग त्यावर स्वतःच भांडायचं, ही त्याची जुनी खोड, म्हणून तो वकील.

नियम असा: उत्तर येत नसेल तर थाप मारायची, चेहऱ्यावरची रेषही न हलू देता. ज्याला संशय येईल त्याने टेबलावर हात आपटून ‘थाप!’ म्हणायचं. मग पत्ता उलटायचा. थाप पकडली गेली तर थापाड्याने पकडणाऱ्याला एक नखी द्यायची, उत्तर खरं निघालं तर पकडणाऱ्याने द्यायची. आणि कोणाच्याही लक्षात न येता थाप पचली आणि शेवटी पत्ता उलटल्यावरच कळली, तर थापाड्याला दोन. नख्या म्हणजे गिटार छेडायच्या त्या प्लास्टिकच्या तिकोनी नख्या. बँड बंद पडल्यापासून त्यांनाही दुसरं काही काम नव्हतं.

बँडमध्ये चौघे होते. ड्रमवर ठोक्या, गिटारवर वकील, बासवर खर्ज. खर्जाचं वाद्यही खालच्या पट्टीतलं आणि बोलणंही, म्हणून तो खर्ज. गाणारा कोंबडा. वरच्या सुराला गेला की त्याचा आवाज असा फाटायचा की लोक पहाट झाली का ते बघायचे. हा कोंबडा मागच्या हिवाळ्याच्या आधीच्या हिवाळ्यात छातीत कळ येऊन गेला. तिघांनी त्याला खांदा दिला. पुढे खर्ज होता, आणि सगळ्या वाटेभर तो मोठ्याने रडत होता.

खर्ज आणि ठोक्या पोटापाण्यालाही एकत्रच होते. दोघे लिफ्ट दुरुस्तीवाले. काम असं की ठोक्या लिफ्टच्या डब्याच्या डोक्यावर चढून अंधाऱ्या शाफ्टमध्ये दोर आणि चाकं तपासणार, आणि खर्ज गच्चीवरच्या मशीनच्या खोलीत मेन स्विचपाशी उभा राहणार. हात घालायच्या आधी ठोक्या खालून ओरडायचा, “बंद?” वरून खर्जाचा तो घुमणारा आवाज यायचा, “बंद!” मगच ठोक्या चाकात हात घालायचा. इतक्या वर्षांत त्याने कधी दुसऱ्यांदा विचारलं नव्हतं. बायकोच्या शब्दावर त्याने शंका घेतली असेल, खर्जाच्या ‘बंद’वर नाही.

गेल्या गुरुवारी मात्र त्याने ‘बंद!’ ऐकलं, हात पुढे केला, आणि डबा हलला. वीतभरच. ठोक्याने हात मागे ओढला आणि तो भिंतीला पाल चिकटावी तसा दोराला चिकटला. वर गेला तर खर्ज स्विचपाशी शांतपणे उभा. “बंदच केला होता रे,” तो म्हणाला. स्विच चालू होता. ठोक्या त्याला वाटेल ते बोलला, मग दोघांनी चहा घेतला आणि विषय संपला. होतं माणसाकडून. पण रात्री कूस बदलताना ठोक्याला ती वीत आठवायची.

तर त्या रविवारी दुपारी तिघे खर्जाच्या घरी खेळायला बसले होते. चौथी खुर्ची भिंतीला लावून ठेवलेली. बाहेर ऊन रणरणत होतं, पंखा वर उगाच फिरत होता.

खेळात सध्या खर्जाची चलती होती. पूर्वी त्याला सगळी उत्तरं खरी यायची, त्यामुळे थापेची गरजच पडायची नाही. पण गेल्या काही महिन्यांत गड्याने थापा मारायची कला अशी काही हस्तगत केली होती की विचारू नका. इतक्या सरळ चेहऱ्याने, इतक्या तपशिलात खोटं सांगायचा की दोघे गपगुमान पचवायचे. पत्ता उलटल्यावर हसून हसून त्यांच्या पोटात दुखायचं. खर्ज आधी त्यांच्याकडे बघत राहायचा, मग तोही हसायचा. नख्यांचा ढीग त्याच्यापुढेच असायचा.

वकिलाने पत्ता उचलला. “बासवाल्यासाठी खास प्रश्न आलाय. साध्या बास गिटारला किती तारा?”

“सहा,” खर्ज म्हणाला.

वकिलाचं तोंड उघडंच राहिलं.

“सहाच. माझ्या बासला दोन तुटल्या होत्या, म्हणून तुम्हाला चार वाटायच्या. दुकानदार म्हणाला नव्या मिळत नाहीत, मग तसाच वाजवला.”

वकील खुर्चीवरून पडायचाच बाकी होता. “याला म्हणतात कलाकार! बासवाल्याने बासवरच थाप मारायची, आणि तीही अशी! घे बाबा, दोन घे. पकडायची शुद्ध कोणाला राहिली इथे?”

ठोक्याही हसला. पण खर्जाने त्या दोन नख्या उचलल्या आणि कोणाची तरी हरवलेली वस्तू सापडावी तशा उलटसुलट करून पाहिल्या, तेव्हा ठोक्याचं हसू अर्ध्यावरच राहिलं. बासला मुळात चारच तारा, आणि दोन तारा तुटलेला बास कोणी वर्षानुवर्षं वाजवत नाही, हे खरं. पण खर्जाच्या बोलण्यात थापेचा तो चोरटा आनंद कुठेच नव्हता. तो माहिती देत होता.

पुढचा पत्ता खोक्यातल्या कोऱ्या पत्त्यांपैकी निघाला. असे चार-दोन पत्ते वकिलाने हौसेने स्वतःच्या अक्षरात भरले होते, आपल्या बँडवरच्या प्रश्नांचे. उत्तरं सगळ्यांना पाठ, त्यामुळे तिथे थापेला वावच नसायचा. ते पत्ते फक्त आठवणी काढून हसायला.

“आपला शेवटचा कार्यक्रम मध्येच का बंद पडला?” वकिलाने वाचलं आणि आधीच हसायला लागला. कारण कोंबड्याने नाचता नाचता वायरीवर सरबताचा अख्खा जग सांडला होता आणि सभागृहासकट सगळी गल्ली अंधारात गेली होती.

“बंद कुठे पडला?” खर्ज म्हणाला. “अजून व्हायचाय. आणि ती खुर्ची सरकवा इकडे. कोंबडा निघालाय घरून, येईलच आता.”

वकिलाचा हात सवयीने टेबलावर आपटला. “थाप!”

नख्या उडाल्या. एक घरंगळत जाऊन जमिनीवर पडली. कोणी हसलं नाही.

“थाप कसली?” खर्ज चिडून म्हणाला. “सकाळीच फोन झाला माझा त्याच्याशी. आवाज बसलाय म्हणाला.” आणि तो उठला, भिंतीजवळची खुर्ची त्याने स्वतःच ओढून आणली, नीट टेबलाशी लावली.

वकिलाने हात टेबलावरून उचललाच नाही. त्याने ठोक्याकडे पाहिलं, ठोक्याने त्याच्याकडे. मरण पावलेल्या मित्रावर कोणी थाप मारत नाही. खर्ज तर नाहीच नाही. आणि मग ठोक्याला एकामागून एक सगळ्या थापा आठवायला लागल्या, ज्यांवर ते दोघे टाळ्या पिटत होते. बावळटासारखे! सख्खा मित्र डोळ्यांदेखत बुडत होता आणि हे दोघे काठावर बसून वाहवा करत होते.

दारात खर्जाची बायको, म्हणजे वहिनी, चहाचा ट्रे घेऊन उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं. तिच्या चेहऱ्यावर धक्का नव्हता, आणि तेच ठोक्याला सगळ्यात जास्त लागलं. तो तिच्या मागोमाग स्वयंपाकघरात गेला.

“वहिनी, हे कधीपासून?”

“तुम्ही दोघे हसायला लागलात ना भाऊजी, तेव्हापासून.” तिने ट्रे तसाच ओट्यावर ठेवला. “मला वाटलं, तुम्हाला कळलंय आणि तुम्ही सांभाळून घेताय. मग लक्षात आलं, तुम्हाला खरंच मजा वाटतेय. रविवारची वाट बघतात हो ते. कसं सांगू?”

“निदान मला तरी सांगायचं!”

“डॉक्टरकडे चला म्हटलं तर आठ दिवस बोलले नाहीत माझ्याशी. घरात चष्मा फ्रिजमध्ये ठेवतात, माझ्या बहिणीला ओळखत नाहीत. पण कामावर तुम्ही असता सोबत, म्हणून मी निर्धास्त होते. हाताला पडलेलं वळण जात नाही म्हणतात.”

ठोक्याला असा राग आला की कपबशी भिंतीवर फेकावीशी वाटली. ही निर्धास्त होती! आणि कोणाच्या जिवावर? “वहिनी, तो वर उभा असतो आणि मी खाली, चाकात हात घालून,” तो दबक्या आवाजात म्हणाला. “गुरुवारी त्याने ‘बंद’ म्हणून सांगितलं आणि लिफ्ट चालू होती.”

वहिनीने तोंडावर पदर दाबला आणि ती खाली बसली, फरशीवरच. ठोक्याचा राग कुठल्या कुठे गेला. चूक हिची एकटीची कुठे होती? गुरुवारी त्यानेही चहा पिऊन विषय संपवलाच होता.

“घरी बसवलं तर महिन्याभरात अंथरूण धरतील ते, भाऊजी,” ती म्हणाली. “आणि नाही बसवलं तर... तुमच्या घरी मी काय तोंड दाखवू? सांगा त्यांना. माझं ऐकणार नाहीत, तुमचं ऐकतील.”

उद्या एका उंच इमारतीतल्या लिफ्टचे दोर बदलायचे होते. ठोक्याला दिवसभर शाफ्टमध्ये लटकायचं होतं, आणि वर खर्ज.

तो बाहेर आला. वकील एकटाच नख्या गोळा करत बसला होता, डोळे पुसत. खर्ज गॅलरीत कठड्याला टेकून रस्त्याकडे बघत होता. ठोक्या शेजारी जाऊन उभा राहिला. खाली रस्ता रिकामा होता.

“कोंबडा गेलाय, नाही का रे?” खर्ज म्हणाला.

ठोक्याने मान हलवली.

“मी खांदा दिला होता. तुम्ही गप्प झालात तेव्हा आठवलं.” मग म्हणाला, “ठोक्या, माझं काही बिघडलंय का?”

आता सांगायला हवं होतं. ठोक्याने तोंड उघडलं, आणि त्यातून भलतंच बाहेर पडलं. “तुझं काय बिघडणार लेका? ठणठणीत आहेस. दमलायस जरा. आणि उद्याचं काम पुढे ढकललंय त्यांनी, तेव्हा आराम कर.”

खर्जाने वळून पाहिलं. डोळ्यांकडे नाही, कानांकडे. मग त्याने हात उचलला आणि कठड्यावर आपटला, अगदी हलकाच.

“थाप.”

ठोक्याने खिशात हात घातला. दुपारभरात जिंकलेली एकच नखी तिथे होती. ती त्याने काढून खर्जाच्या तळहातावर ठेवली, कारण नियम म्हणजे नियम. खर्जाने मूठ मिटली.

“ठोक्या,” तो म्हणाला. आवाज तोच, घुमणारा, फक्त या वेळी विचारणारा तो होता. “स्विचपाशी मी... बंद?”

शाफ्टमध्ये इतकी वर्षं काढली, पण एवढं खोल ठोक्याने कधी पाहिलं नव्हतं. त्याने कठडा घट्ट धरला.

“बंद,” तो म्हणाला.

खर्जाने त्याच्या कानांकडे पाहिलं नाही, आणि दुसऱ्यांदा विचारलंही नाही.