तांबं न घातलेली नळी

“अण्णा, हे बघा! तांबं घातलंच नाही, तरी पाणी गढूळ!” मैत्रेयीनं दयानंदला दाखवायला काचेची नळी खिडकीकडे धरली.

दयानंद निपाणीकडचा. बंगळुरूच्या त्या संशोधन संस्थेत तो एकोणीस वर्षं काचसामान धूत होता. मैत्रेयी पुण्याहून पीएचडीसाठी आलेली. विसरण्याच्या रोगात मेंदूत साचणारं प्रथिन तांब्यामुळे गोळा होतं, असं सगळे म्हणत. तिच्या नळ्यांत ते तीन आठवडे तांब्याशिवायच गोळा होऊन पाणी गढूळ होत होतं. तिचे मार्गदर्शक कृष्णमूर्ती सर हरखले होते. सोमवारी निबंध परदेशी नियतकालिकाकडे जाणार होता.

“आभारात तुमचं नाव घालणार आहे हं,” ती म्हणाली.

दयानंदला दुपारचा डबा गेला नाही. दीड वाजता तो तिच्या टेबलापाशी येऊन उभा राहिला.

“मॅडम, माझं नाव घालू नका.”

“का हो?”

“नळ्या रात्रभर ॲसिडात ठेवायच्या, मग शुद्ध पाण्यानं तीनदा धुवायच्या. तीन आठवडे मी नुसत्या नळाखाली धरतोय. नळाच्या पाण्यात तांबं असतंय. ठाऊक होतं मला.”

मैत्रेयीनं नोंदवहीची पानं मागं उलटली. “मग इतके दिवस मी काय मोजलं, अण्णा?”

तो टेबलावरच्या नळ्या गोळा करू लागला.

“एकोणीस वर्षांत तुम्ही असं कधी केलं नाही. आत्ताच का?”

“चारलाच घरी पळावं लागतंय. आई...” हे त्यानं कुणालाच सांगितलं नव्हतं. शेजाऱ्यांना तो आई गावी गेली म्हणायचा. “आई मला ओळखत नाही. मागल्या महिन्यात बनशंकरीच्या देवळापाशी सापडली. अंगावर धड लुगडं नव्हतं.”

तीन वर्षं या रोगावर काम करणाऱ्या मैत्रेयीनं एकही रोगी पाहिला नव्हता.

“आत्ता कोण आहे त्यांच्याजवळ?”

“कुणी नाही. बाहेरून कुलूप लावतो.”

तिनं निबंधाचे कागद ड्रॉवरमध्ये सारले. “तुम्ही घरी जा. सरांना मी सांगते.”

“नको. मीच सांगतो.”

सरांसमोर उभं राहून त्यानं कन्नडमधून सगळं सांगितलं. सर नुसता चष्मा पुसत राहिले. ते रागावले असते तर बरं झालं असतं, असं त्याला वाटलं.

घरी येऊन त्यानं कुलूप काढलं. आई दाराशीच भिंतीला टेकून बसली होती. परका माणूस पाहून तिनं पदर सावरला.

“दयानंद घरी नाही हो,” ती अदबीनं म्हणाली. “कामावर गेलाय. लई चोख काम आहे त्याचं.”

दयानंदला उंबरठा ओलांडून आत जाववेना.