अर्धं बोट

मी मागच्या दाराची बेल बोलतेय. पुढच्या दारालाही एक आहे, माझी बहीणच म्हणा. दोघी एकाच खोक्यातून या घरात आलो. तिच्या वाट्याला पितळी पाटी आली, माझ्या वाट्याला कचऱ्याचा डबा. तक्रार नाही. पण बोटं मीच जास्त ओळखते.

दूधवाला अंगठा रोवून उभा राहतो. नळवाला दोनदा दाबतो आणि शीळ घालतो. इस्त्रीवाली मात्र अर्ध्या बोटाची. टेकवलं न टेकवलं की बोट मागे, आणि ती स्वतः दोन पावलं मागे. लेक कमरेएवढी होती तेव्हापासून तिलाही तिने हेच शिकवलं.

"एकदाच वाजवायची. बोट रेंगाळलं की माणसं चिडतात."

"आणि ऐकूच नाही गेलं तर?"

"मग उभं राहायचं. उभं राहून कुणाचे पाय झिजत नाहीत."

गेल्या वर्षी घराला रंग लावला. रंगाऱ्याने पुढच्या बेलवर कागद चिकटवला, मला तसंच फासून टाकलं. रंग वाळला आणि माझं बटण कडक झालं. जोराने दाबलं तर वाजते. अर्ध्या बोटाला नुसतं 'टिक्'. कुणाच्या लक्षात आलं नाही, कारण इस्त्रीवाली यायची तेव्हा भांडी घासायला दार उघडंच असायचं.

घर वकीलसाहेबांचं. पुढच्या खोलीत त्यांची कचेरी. तिथे कारकून हवा होता, आणि इस्त्रीवालीची लेक टायपिंगची परीक्षा देऊन तयार होती. बाईसाहेबांनी शब्द टाकला. साहेब म्हणाले, "सोमवारी दहाला पाठव. दहा म्हणजे दहा. सव्वादहाला दुसरी येणार आहे."

सोमवारी दहाला दहा मिनिटं कमी असताना मला लेकीचं बोट लागलं. अर्धं. टिक्.

मी हादरले. अगं, आज तू कपडे द्यायला आलेली नाहीस. पण पाय सवयीने इकडेच वळले होते. ती दोन पावलं मागे सरली, प्रमाणपत्रांची पिशवी छातीशी धरली आणि उभी राहिली.

दहा वाजले. टिक्. पुन्हा दोन पावलं मागे.

आतून साहेबांचा आवाज आला. "बघितलंस? या लोकांना वेळेची किंमत नसते. म्हणून पिढ्यान्‌पिढ्या आहेत तिथेच राहतात. मी बघ, स्वतःच्या हिमतीवर उभा राहिलो."

"तुम्ही वडिलांच्या खुर्चीत बसलात," बाईसाहेब म्हणाल्या. "उभे कधी राहिलात?"

"विषय बदलू नकोस. दहा वाजून सहा मिनिटं झालीत."

बाहेर तिने ते ऐकलं. कान लाल झाले. बोट माझ्यावर आलं, आणि तरीही अर्धंच टेकलं. टिक्. मी जीव तोडून वाजले असते, पण दाबल्याशिवाय बेल बोलत नाही. आमची जातच तशी.

अकराव्या मिनिटाला शर्टांचं निमित्त काढून इस्त्रीवाली आली. लेकीला पायरीखाली बघून थबकली.

"तू अजून बाहेर?"

"तीनदा वाजवली. कुणी येत नाही."

"पण या दाराला कशाला आलीस?"

"मग कुठल्या? आपलं दार हेच ना?"

घडी केलेले शर्ट इस्त्रीवालीने सरळ पायरीवर ठेवले. वीस वर्षांत कधी धुतला कपडा जमिनीला लागू दिला नव्हता. मग इस्त्रीने घट्टे पडलेला अंगठा माझ्यावर असा रोवला की रंगाची एक खपली उडाली. मी वाजले. वाजतच राहिले.

साहेब स्वतः धावत आले. "आग लागलीय का कुठे?"

"नाही साहेब. पोरगी दहाच्या आधीपासून इथं उभी आहे."

साहेबांनी घड्याळ पाहिलं, मग तिला पाहिलं. दारातून जरा बाजूला झाले. "बरं, ये आत."

तिने उंबऱ्याकडे पाहिलं. "नको साहेब. नोकरीसाठी आलेय. पुढून येते."

ती घराला वळसा घालून गेली. साहेब मागच्या दारात, घड्याळात दहा वाजून तेरा मिनिटं. मग पुढे माझी बहीण वाजली. पूर्ण, लांब, न कचरता.

एक महिना बघू, असं म्हणून साहेबांनी तिला ठेवलं. महिना कधीच उलटला. तिचं टेबल पुढच्या खोलीत आहे. मला वाटलं, आता माझ्या दाराचंही नशीब पालटेल.

पण इस्त्रीवाली अजून मागूनच येते. त्या दिवसाचा अंगठा पुन्हा माझ्यावर उमटला नाही. हल्ली भांडी लवकर आटपतात, दार बंद असतं. परवा ती पंधरा मिनिटं उभी होती. टिक्, आणि दोन पावलं मागे. आत बाईसाहेब विचारत होत्या, शर्ट अजून कसे आले नाहीत. तेव्हा पुढच्या खोलीतून एक ओळखीचा आवाज आला.

"आईचं असंच आहे. तिला वेळेचं भानच नाही."

पोरी, तुझ्या टेबलापासून माझ्यापर्यंत वीस पावलं आहेत. जमलं तर माझ्यावरचा रंग खरवडून काढ. नाहीच जमलं, तर कुणाला उशीर झालाय असं म्हणण्याआधी एकदा ऊठ, आणि मागचं दार उघडून बघ.