रिक्षाला झाली कावीळ

"उतरली! छातीवर उतरली!"

पडेगावच्या त्या गल्लीत सकाळी सकाळी असा गलका झाला, की दौलताबाद रोडनं जाणारे लोक गाड्या उभ्या करून आत डोकावले. सुरेखाबाईच्या ओट्यावर तिचं अकरा वर्षांचं पोरगं, ऋतुराज, उशीला टेकवून बसवलेलं. डोळे हळदीसारखे पिवळे. गळ्यात बारक्या बारक्या काड्यांची एक माळ. तीच माळ सोमवारी टोपीसारखी डोक्यावर बसवली होती, तवा कानाखाली सरकत नव्हती. आता बघा, छातीवर लोंबू राहिली. कुणी ओढली नाही, कुणी गाठ सोडली नाही. आपली आपण वाढली!

"काय सांगितलं होतं म्या?" माळवाले तात्यासाहेब मिशीवरून हात फिरवत म्हणाले. हे अजिंठ्याकडचे. पांढरा सदरा, काखेत गोणपाटाची पिशवी. "कावीळ डोक्यात बसती. माळ तिला धरती अन् खाली आणती. छाती, पोट, गुडघे, अन् पायातून डायरेक्ट जमिनीत! डाक्टर काय करतो? बाटली लावतो. बाटली वरून खाली येती का नाय? मग! आपली माळ बी वरून खालीच येती. फक्त आपल्याला डिग्री नाय."

लोकांनी हात जोडले. सायली तेवढी दाराच्या चौकटीला टेकून, हाताची घडी घालून उभी होती. ऋतुराजची बहीण. वय सतरा. मास्तराशी भांडून नववीतच दप्तर माळ्यावर फेकलं होतं. तोंड फाटकं, पण नजर घारीची.

"तात्यासाहेब, माळ खाली आली खरी. पण ह्याचे डोळे काल होते त्यापेक्षा पिवळे दिसू राहिले."

"जाता जाता जोर दाखवती ती. इझताना दिवा मोठा होतो का नाय?"

"सायले, गप बैस!" आई खेकसली. "नववी नापास, अन् चालली तात्यासाहेबाला शिकवायला."

"नापास नाय, सोडली म्या," सायली पुटपुटली.

गल्ली तशी लई मायेची. बाप गोकुळ ट्रकवर, केरळाच्या वाटेला लागलेला. तवा सगळ्यांनी मिळून सुरेखाबाईचं घर अंगावर घेतलं होतं. कुणी बिनतेलाचं वरण आणायचं, कुणी उसाचा रस. शेजारच्या मुबारक चाचानं भाडी सोडून रिक्षा दारात उभी केलेली. न जाणो, कधी लागली तर. आणि त्याची बायको शकीला, गल्लीतली टेलर, हिनं तर कमाल केली. तात्यासाहेबांनी पथ्य सांगितलं होतं, "आंघोळ नाय, माळेला हात नाय, अन् सुई नाय. रोग्याच्या आसपास सुई चालली की माळ जागीच थांबती. मग मला बोल लावायचा नाय." तर शकीलानं ऐन लग्नसराईत मशीन बंद केली. ब्लाऊजांचा ढीग पडला, गिऱ्हाइकं बोंबलू लागली. शकीला म्हणाली, "पोट्टा ठीक होने दो पहले. ब्लाऊज क्या, कल बी सिल्ते."

सुई नाही म्हणजे इंजेक्शन पण नाही. घाटीच्या सरकारी दवाखान्यात न्या म्हणत आरोग्य केंद्राच्या आशाताई आल्या, तर बायांनी त्यांना कोपऱ्यावरूनच परत पाठवलं. माया करता करता सगळ्यांनी पोराचं दारच अडवून धरलं होतं.

सायलीच्या डोक्यात आंघोळीचं पथ्य घुसलं. सुईचं एक वेळ समजलं, माळवाल्याला डॉक्टर नको असणारच. पण पाण्याचं काय वाकडं? आणि तात्यासाहेबांची पिशवी सारखी ओली का? उठले की ओट्यावर ओला डाग. आणखी एक. सोमवारी माळेच्या काड्या हिरव्यागार होत्या, आता करड्या, सुरकुतलेल्या.

तिनं आवाज मऊ केला. "तात्यासाहेब, माझा मावसभाऊ हाये सोयगावला, कृष्णा. त्याला बी कावीळ झाली म्हणत्यात. त्याला आणता येत नाय. माळ देता का?"

तात्यासाहेबांनी डोळे मिटले. "दिसू राहिला मला. डोळे पिवळे हायेत पोराचे. जेवण जात नाय."

"आई शप्पथ! बरोब्बर!" सायली म्हणाली. सोयगावात तिची मावशीच नव्हती, तर मावसभाऊ कुठून येणार?

ओल्या पिशवीतून हिरवीगार माळ निघाली. सायलीनं ती ओढणीत घेतली, आणि गर्दी पांगल्यावर मुबारक चाचाच्या रिक्षाच्या बाहेरच्या आरशावर चढवली. आरशाला घट्ट बसली.

"ये क्या कर री गे?" चाचा चमकला.

"चाचा, तुमच्या रिक्षाचा टप पिवळा हाये ना? कावीळ हाये तिला. हात लावू नका, अन् धुऊ नका."

"दिमाग गरम हो गया तेरा धूप में."

"उद्यापर्यंत ठेवा फक्त. पाया पडते."

चाचानं मान हलवली, पण माळ राहू दिली. एप्रिलचं ऊन. रिक्षा दिवसभर भाजत उभी.

दुसऱ्या दिवशी दुपारी सायली भावाजवळ बसली होती. "ऋत्या, माझं नाव काय?" तिनं सहज चेष्टेनं विचारलं. एरवी तो 'डुकरीण' म्हणाला असता. त्यानं तिच्याकडं बघितलं, लई वेळ बघितलं आणि म्हणाला, "बाई... घंटा झाली का?" आणि डोळे मिटले.

बाहेर तात्यासाहेब ओरडत होते, "पोटावर आली! पोरगं आता शांत झोपू राहिलं बघा. उतारा पडला!"

ती तीरासारखी बाहेर आली. "तात्यासाहेब, सोयगावच्या कृष्णाचं काय? त्याची बी उतरली का?"

"उतरली तर! सकाळी भाकर खाल्ली त्यानं."

"पेट्रोल खातंय ते! या, दाखवते कृष्णा."

तिनं त्यांचा सदरा धरून रिक्षापाशी ओढलं. गर्दी मागोमाग. आरशावर घट्ट बसवलेली माळ खाली, मडगार्डपर्यंत लोंबत होती. वाऱ्यानं झुलत होती.

मग मागून एक पोरगं फिसकन हसलं. "आयला, रिक्षा बरी झाली!"

"ह्याला... ह्याला श्रद्धा नाय म्हणून—" तात्यासाहेब चाचरले.

"रिक्षाला कसली श्रद्धा? मीटर बी नाय तिला!" सायलीनं माळ काढून शकीलाच्या हातात दिली. "चाची, बघा. हर एका काडीला दोऱ्याचा वेढा हाये. ओल्या काडीला आवळून बांधलेला. चाची, ओल्या केसाची वेणी आपण आवळून बांधतो. केस वाळले की रिबिन ढिल्ली पडून घसरती का नाय? काडी वाळली की बारीक होती. वेढा ढिल्ला पडतो, दोरा सुटतो, माळ लांब होती. इतक्या काड्या हायेत, हर एकीचा थोडा थोडा दोरा सुटला तरी वावभर होतो. म्हणून पिशवी ओली. म्हणून आंघोळ नाय. पाण्यानं काड्या वाळणार नाहीत ना!"

शकीलानं एक काडी चिमटीत धरली. ती वेढ्यातून सुळकन निसटली. तिचा चेहरा उतरला. "हौ गे. सच्ची."

"तरी पण..." सुरेखाबाई म्हणाली. "मागं पलीकडच्या गल्लीतल्या पाथरवटाचा पोरगा ह्यांच्याच माळेनं बरा झाला ना?"

"तो आपोआप बरा झाला आई, बरेच होत्यात. नाव माळेचं झालं. आपला ऋत्या होत नाय. त्यानं मला वळखलं नाय आत्ता!"

सुरेखाबाई घरात धावली. "ऋतू, बाळा, मी कोण?" पोरानं पापणीही उघडली नाही.

मग शकीला धावत गेली. गादीखाली लपवलेली कात्री घेऊन आली आणि पोराच्या पोटावरची माळ कचकन कापली. मुबारक चाचा रिक्षाचं हँडल धरून बसलेलाच होता. "बैठो! सब बाजू हो!" जी गल्ली दार अडवून उभी होती, तीच रस्ता मोकळा करत पुढं धावली. कोपऱ्यावर गाड्या थांबवल्या. या धांदलीत तात्यासाहेब पिशवी टाकून पळाले. पोरांनी रोडवर गाठलं आणि चौकीत नेऊन बसवलं.

घाटीत डॉक्टरीण बाईंनी पोराला बघितलं, रक्त घेतलं आणि सुया लावल्या. "लिव्हरला लई सूज आहे. त्याचा परिणाम मेंदूवर झालाय. उद्या आणलं असतं तर अवघड होतं." गल्ली बाहेर झाडाखाली बसलेली. डबे आणलेले, पण कुणी उघडेना. बाया सायलीकडं बघायच्या आणि मान खाली घालायच्या.

सायलीला पहिल्यांदा राग आला नाही. ती म्हणाली, "तुमची माया खोटी नव्हती. फक्त एक विचारायचं राहिलं, की हे कसं होतं? कुणी बी काय चमत्कार दाखवला ना, आधी तो माणसावर नाय, रिक्षावर करून बघायचा. पाणी नको म्हणला, पाणी टाकून बघायचं. डॉक्टर नको म्हणला, आधी डॉक्टर गाठायचा. जो विचारू देत नाय, त्याच्यापाशी लपवायला काहीतरी असतंय."

आशाताई तिथंच उभ्या होत्या. शकीला उठली आणि त्यांना आपल्याजवळ बसवून घेतलं.

ऋतुराजला शुद्ध आली त्या दिवशी सायलीनं परत विचारलं, "माझं नाव काय रे?"

तो बारीक आवाजात म्हणाला, "डुकरीण."

सायलीनं लगेच चाचीला फोन लावून सांगितलं. तिकडून आधी रडण्याचा आवाज आला. मग स्टूल सरकवल्याचा. आणि मग, किती दिवसांनी, मशीनची सुई चालू झाली. खडखड, खडखड, खडखड.