बिनपरीक्षेची सीट

कॉलेजचा मेसेज वाचून झाल्यावर ह्यांनी मोबाईल ट्यूबलाइटसमोर धरला आणि खालून वर बघितला. तिकीट खरं की खोटं ते असंच बघायची सवय. मोबाईलमधून उजेड आरपार येत नाही हे त्यांना कोण सांगणार? मी सांगितलं, तर म्हणाले, तू भाकरी कर.

मेसेज आमच्या कावेरीच्या फार्मसीच्या प्रवेशाचा होता. बारावीच्या परीक्षेआधीच अर्ज करा, दहावी-अकरावीचे मार्क दाखवा, मुलाखत द्या, आम्ही सीट राखून ठेवतो. बारावीत बरे मार्क पडले की सीट पक्की. प्रवेश परीक्षा नाही. ह्या शेवटच्या शब्दांवर ह्यांचं बोट जे अडलं ते निघेना.

"परीक्षा न घेता सीट कोण देतंय?" ते म्हणाले. "कुठंतरी पाणी मुरतंय."

ह्यांचं नाव ज्योतिबा. सिटी बसमध्ये तिकीट तपासनीस. अर्धं आयुष्य लोकांना तिकीट दाखवा म्हणण्यात गेलं आणि ती नोकरी घरी आल्यावरही अंगावरून उतरत नाही. दूधवाल्याचं दूध पातळ, इस्त्रीवाल्यानं शर्ट बदलला, भाजीवाला हसून बोलला म्हणजे नक्की जुनी मेथी वर ओली करून ठेवली. चामराजपेटेतल्या आमच्या गल्लीत त्यांना अनुमान अण्णा म्हणतात. कन्नडात अनुमान म्हणजे संशय. हे म्हणतात, मी मराठी माणूस, मराठीत अनुमान म्हणजे विचार करून काढलेला निष्कर्ष. लग्न होऊन मी निपाणीहून इथं आले, तेव्हापासून त्या एका शब्दाचे दोन्ही अर्थ मीच भोगते आहे.

कावेरीला मात्र ती सीट हवीच होती, आणि का ते मला माहीत होतं. पोरगी हुशार. वर्गात मार्क चांगले, तोंडी विचारा तर धडाधड सांगेल. पण चार पर्यायांतला एक निवडायचा आणि समोर घड्याळ पळतंय म्हटलं की ही बरोबर उत्तरही खोडून दुसरं करते. क्लासमधल्या सराव परीक्षांत ती प्रत्येक वेळी खाली आली होती. फार्मसीला जायचं हे तिचं नववीपासूनचं वेड. ह्यांच्या बीपीच्या गोळ्या आणायला जायची ती औषधाच्या दुकानात तासभर थांबून यायची, कोणती गोळी कशावर ते विचारत. मोठ्या प्रवेश परीक्षेतून ती जाणार नाही हे तिलाही कळलं होतं आणि मलाही. ही एकच वाट उघडी होती आणि अर्जाची मुदत शनिवारी संपत होती.

हे पुन्हा म्हणाले की बिनपरीक्षेचं म्हणजे बिनतिकिटाचं. त्यावर कावेरीनं शांतपणे विचारलं, "अप्पा, बायकांना बस फुकट आहे, तरी कंडक्टर शून्याचं तिकीट देतो का नाही?"

"देतो की. घेतलंच पाहिजे."

"मग ते तिकीट घेऊन बसलेली बाई चोर काय?"

ह्यांना हसू आलं, ते त्यांनी मिशीत दाबलं. माझ्या नवऱ्याला त्याच्याच खात्यात गाठणारी ही पहिलीच. मंगळवारी माझी सुट्टी आहे, मी स्वतः जाऊन बघतो, तोवर कुणी कुठं सही करायची नाही, असा हुकूम निघाला. मला तेवढ्यावर बरं वाटलं. हे जाणार म्हणजे त्या कॉलेजचा पाया खणून बघणार, आणि त्यातून ते टिकलं तर खरं असणार.

मंगळवारी सकाळी गेले ते दिवेलागणीला आले. पाय धुतले, टॉवेल खुंटीला लावला, आणि आमच्याकडे न बघता म्हणाले, "फसवणूक आहे. विषय संपला."

कावेरी दारात उभी होती. "सरी, अप्पा," म्हणजे कन्नडात बरं, एवढंच म्हणाली आणि आत गेली. तिनं भांडायला हवं होतं.

आता माझं सांगते. संशय घेणं हे घरात एकाचंच काम, म्हणून मी ते कधी केलं नव्हतं. पण त्या दिवशी मला काहीतरी खटकलं. हा माणूस एक चोर पकडला तर महिनाभर ती गोष्ट सांगतो. एकानं मेलेल्या काकाचा पास वापरला होता, त्याची तर नक्कलसुद्धा करून दाखवतात, काकासकट. आणि आज अख्खं कॉलेज पकडून आला, तर सांगायला काहीच नाही? मी विचारलं, बोर्ड होता का? होता म्हणे. प्रयोगशाळा? होती कसलीतरी. मग फसवणूक कशात? तर म्हणाले, तुला कळायचं नाही. ताटातली भाकरी अर्धी तशीच राहिली.

बुधवारी त्यांनी ड्यूटीवरून येताना कावेरीसाठी मैसूरपाक आणला. काही सण नाही, वाढदिवस नाही. तिचा आवडता, तुपातला. हा माणूस मिठाईच्या दुकानात भेसळ म्हणून पाऊल टाकत नाही. तेव्हा मात्र माझी खात्री पटली. मुरत होतं ते पाणी आमच्याच घरात होतं.

गुरुवारी मी मल्लेश्वरमला मैत्रिणीकडे, वासंतीकडे जाऊन येते असं खोटं सांगून निघाले आणि कॉलेजला जायला शहराबाहेरच्या नेलमंगलची बस धरली. कावेरीला बोललेच नाही. तिला पुन्हा आशा लावायची आणि पुन्हा तोडायची, ते माझ्यानं झालं नसतं. नेलमंगलच्या पुढे रिक्षानं कॉलेजपाशी उतरले आणि आधी बाहेरूनच बघत राहिले. इतक्या वर्षांच्या संसारात ह्यांचं थोडं वळण लागणारच. इमारत खरी दिसत होती. पांढरे कोट घातलेल्या पोरी हातात वह्या घेऊन जिना उतरत होत्या, आणि पोरी तर भाड्यानं आणता येत नाहीत.

ऑफिसात दिव्यश्री नावाची मुलगी होती. मी आडनाव सांगितलं तशी ती हसली. तुमचे यजमान मंगळवारी येऊन गेले की, असं कन्नडात म्हणाली. मग तिच्याकडून सगळं ऐकलं. भिंतीवरची मान्यतेची पत्रं त्यांनी वाचली आणि त्यावरच्या नंबरला स्वतःच्या मोबाईलवरून फोन लावला. प्रयोगशाळेत बाटल्यांच्या चिठ्ठ्या बघितल्या. मेसमध्ये जेवले. वेगवेगळ्या मुलींना गाठून एकच प्रश्न विचारला, उत्तरं जुळतात का बघायला. शेवटी ऑफिसात येऊन म्हणाले, बरोबर आहे सगळं. माझी मुलगी तोंडी फार छान सांगते, तिची मुलाखतच घ्या.

"मग?" मी विचारलं.

मग त्यांनी बसच्या वेळा विचारल्या. रोज घरून येऊन जमेल का म्हणाले. दिव्यश्रीनं सांगितलं की पहिल्या वर्षी सगळ्या मुलींना हॉस्टेलवर राहावं लागतं. त्यावर त्यांनी पाणी मागितलं आणि बाहेरच्या बाकावर बराच वेळ बसून राहिले. "मला वाटलं, त्यांना बरं वाटत नाही," दिव्यश्री म्हणाली.

परतीच्या बसमध्ये मी इतकी संतापले होते की शेजारच्या बाईनं पर्स दुसऱ्या बाजूला घेतली. पोरीच्या आयुष्याची एकच वाट, आणि बापानं ती खोटं बोलून बंद केली. काय काय बोलायचं ते मी मनात ठरवलं. एकही शब्द गिळायचा नाही असंही ठरवलं.

संध्याकाळी हे आले. शर्टाची बटणं काढत होते, तेवढ्यात मी म्हणाले, "मी कॉलेज बघून आले."

हात बटणावरच थांबला.

"चूक कुठली सापडली तुम्हाला?"

"एक पण नाही."

"मग पोरीला खोटं का सांगितलंत?"

ते खाटेच्या कडेवर बसले. पकडलेला माणूस काय काय सांगतो ते ह्या गृहस्थाला तोंडपाठ. पाकीट घरी राहिलं, कंडक्टर आलाच नाही, पुढच्या स्टॉपला उतरणारच होतो. त्यातलं काही ते बोलले नाहीत.

"खोटं निघालं असतं तर बरं झालं असतं, अलका," ते म्हणाले. "सगळा दिवस शोधलं मी. खरं निघालं. खरं निघालं म्हणजे ती जाणार की."

माझे ठरवून आणलेले शब्द कुठं गेले कोण जाणे. राग होता तसाच होता, पण त्याच्याखाली रडू आलं. तेव्हा लक्षात आलं की कावेरी क्लासवरून येऊन दारात उभी आहे, आणि तिनं सगळं ऐकलं आहे.

"तुम्ही मला एकदा सांगायचं होतं, अप्पा," ती म्हणाली. "मी माझंच काहीतरी चुकलं समजून बसले होते."

ते मान वर करेनात. "माझं चुकलं," म्हणाले. मग थोड्या वेळानं, "काढ तो अर्ज."

अर्ज त्याच संध्याकाळी गेला. मुलाखतीत कावेरीनं अशी उत्तरं दिली की समोरच्या बाईंनी चष्मा काढून ऐकलं. बारावीत हवे तेवढे मार्कही पडले. घरात आनंद होता, खोटं कशाला बोलू. पण हे जून महिनाभर भाजीवाल्याशी भांडले नाहीत, आणि त्यानंच मला एकदा विचारलं, अण्णांची तब्येत बरी आहे ना?

जुलैत तिला पोचवायला गेलो. हॉस्टेलच्या अंगणात नुसते बाप. कुणी नळ सोडून बघत होतं, कुणी खिडकीचे गज हलवून. मी मनात म्हटलं, आता आमचे हे गाद्या उसवून कापूस मोजणार. वॉर्डनबाई म्हणाल्या, आज एक दिवस वडिलांनाही वर जायला परवानगी आहे, खोली बघून घ्या.

ह्यांनी ट्रंक पहिल्या पायरीवर ठेवली. "नको," म्हणाले. "बरोबरच असेल."

मग मी आणि कावेरीच वर गेलो. ट्रंकेला एका बाजूनं ती आणि एका बाजूनं मी. खोलीत तीन खाटा होत्या, तिची खिडकीशेजारची. मी चादर घातली, उशीला अभ्रा चढवला, तांब्या भरून ठेवला. करण्यासारखं आणखी काही उरलं नाही तेव्हा आम्ही दोघी खिडकीशी गेलो. खाली हे फाटकाजवळ उभे होते, रस्त्याकडे तोंड करून. कावेरीनं "अप्पा" म्हणून हाक मारली. त्यांनी हात वर केला, पण मान वळवली नाही.